बाबांची चित्रं आणि आठवीचा वर्ग

तेलीबांध्याच्या तळ्याजवळच्या एका हिंदी शाळेत मी चित्रकला शिकवते. शिकवायला लागले तेव्हापासून एक गोष्ट मी पाळत आले होते. स्वतःचं चित्र वर्गात न्यायचं नाही. टेबलावर मडकं ठेवायचं, मागे निळा पडदा लावायचा, बाजूला दोन संत्री आणि एक वांगं, आणि मुलांना म्हणायचं, "जो दिखता है, वही बनाओ." फार तर फळ्यावर खडूने एखादा लंबगोल काढून दाखवायचा. माझं म्हणून जे काही मी काढत असे, ते घरी, आणि घरातच राहत असे. घरची माणसं होती ती. त्यांना फाइलमध्ये घालून शाळेत न्यायचं, चाळीस डोळ्यांपुढे मांडायचं, हे मला दारावर घरातले कपडे वाळत घालण्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी माझ्या फाइलीत जवळजवळ एकच माणूस होता. माझे बाबा.

बाबा मालगाडीचे गार्ड होते. माझं लहानपण रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबांच्या ड्यूटीला वेळ-काळ नव्हता. ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलबॉय सायकलवरून यायचा, हाक मारायचा, की आई डबा भरायला घ्यायची आणि बाबा गणवेशाची पांढरी पँट चढवायचे. परत आले की अंगाला डिझेलचा आणि कोळशाच्या धुळीचा वास असायचा. येताना ते माझ्यासाठी कागद आणायचे. ऑफिसात जुने झालेले, कडेला भोकांची रांग असलेले, एकाला एक जोडलेले लांबच लांब कागद. एका बाजूला आकडे छापलेले, दुसरी बाजू कोरी. मी त्या कोऱ्या बाजूवर पोटावर पडून चित्रं काढायची. कागद तुटू न देता एकाच लांब पट्टीवर आख्खी मालगाडी काढली होती मी एकदा, स्वयंपाकघरापासून बाहेरच्या पायरीपर्यंत. बाबा ती ओलांडून आत गेले आणि आईला म्हणाले, "चहा टाक." कागद आणायचे ते न चुकता, पण चित्राकडे कधी पाहिलं असं मला आठवत नाही. त्यांना माझ्या चित्रांचा राग नव्हता. ती त्यांच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती, एवढंच.

आई गेल्यावर ते ब्राह्मणपारा मोहल्ल्यात एका छोट्या घरात एकटे राहत होते. आमच्याकडे या म्हटलं की म्हणायचे, "तिथं लिफ्टमदी उभं राहून करू काय? इथं देऊळ हाये, ओळखीचे लोक हायेत." मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. शेजारच्यांनी आम्हाला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते, अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि ते मला काहीतरी सांगत होते, पण शब्द शब्दांसारखे येत नव्हते.

दवाखान्यातून त्यांना आम्ही आमच्या फ्लॅटवर आणलं. डावा हात मांडीवर पडून राहायचा. पाय ओढत का होईना, काठी घेऊन चालायचे. तोंड मात्र एका बाजूला खाली ओढलं गेलं होतं. मिशीचं एक टोक वर, एक खाली. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी यायची. ती म्हणायची, आरशापुढे बसा, गाल फुगवा, ओठ ताणा, हसा. बाबांनी पहिल्याच दिवशी आरसा उलटा करून भिंतीकडे तोंड करून ठेवला. ती गेल्यावर म्हणाले, "मले माहीत हाये कसं दिसते. पाहून काय करू?" हे वाक्य बोलायला त्यांना बराच वेळ लागला. तेव्हापासून त्यांनी बोलणंही कमी केलं. बोललेलं समोरच्याला कळत नाही, मग तो "अँ?" म्हणतो, आणि तो "अँ?" त्यांना सहन होत नसे.

शाळेतून मी दुपारी घरी यायची तेव्हा ते बाल्कनीत वेताच्या खुर्चीत बसलेले असायचे. मीही शेजारी बसायची. दोघांनी नुसतं बसणं जड व्हायचं, म्हणून मी एक दिवस मांडीवर पाटी ठेवून तिच्यावर कागद घेतला. त्यांनी तिरक्या नजरेने पाहिलं.

"काय करून राहिली वं?"

"काही नाही बाबा. शाळेचं काम."

मग रोजच ते "शाळेचं काम" सुरू झालं. मी त्यांचा मांडीवर निजलेला हात काढला. लुंगीच्या चुण्या काढल्या. खुर्चीतच डुलकी लागलेली असताना कलंडलेली मान काढली. तोंड काढायला धीर व्हायला बरेच दिवस लागले, पण तेही काढलं, जसं होतं तसं. पेन्सिल चालू असली की आम्हा दोघांना बोलायची गरज पडत नसे. त्या दुपारी मला आता फार आठवतात. खाली कुकरच्या शिट्ट्या, समोरच्या गच्चीवर कुणी डाळीच्या बड्या आणि पापड वाळत टाकलेले, बाबा दूर कुठेतरी पाहत बसलेले आणि मी त्यांच्याकडे. आयुष्यात इतका वेळ मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी ते घरात असले की झोपलेले असायचे.

शाळेत त्या सुमारास आठवीच्या वर्गाला मी माणसं काढायला शिकवत होते. मुलं मोबाइलवरून नट-नट्यांचे चेहरे उतरवून आणायची. मी म्हटलं, घरातली माणसं काढा. वर्गभर कुरकुर सुरू झाली. कुणी म्हणे, मम्मी हलते. कुणी म्हणे, दादी बसतच नाही. एकाने सरळ सांगितलं, "मॅडम, घर के लोग अच्छे नहीं दिखते ना चित्र में."

मागच्या बाकावर भनपुरीहून शाळेच्या बसने येणारी एक मुलगी बसायची. तिचे वडील ट्रकच्या बॉडीवर रंगकाम करायचे: मोर, कमळं, गरुड, फाळक्यावरची अक्षरं. पोरीचा हात जबरदस्त होता, पण ती सगळ्याला जाड काळी कड काढायची. मडक्याला कड, वांग्याला कड, वांग्याच्या सावलीलाही कड. मी तिला कितीदा सांगितलं, बेटा, वस्तूला अशी रेघ नसते. ती मान हलवायची आणि पुन्हा कड काढायची. तिनेच त्या दिवशी विचारलं, "मॅडम, आपने कभी घर के किसी का बनाया है?"

"हो. बनाया है."

"तो दिखाइए ना."

मी म्हटलं, बघू. संध्याकाळी घरी फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मी ज्या मुलांना म्हणत होते की घरातलं माणूस जसं आहे तसं काढा, त्यांना मी स्वतः काढलेलं दाखवणार नसेन तर सांगण्यात काय अर्थ होता? दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन गेले. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं.

वर्गात मी चित्रं फळ्याच्या कडेने चिमट्यांनी लावली. हात, चुण्या, झोपलेली मान, आणि शेवटी चेहरा. मुलं बाकांवरून उठून पुढे आली. एक मुलगा खुदकन हसला आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

"मॅडम, इनका मुँह ऐसा क्यों है?"

मी सांगितलं. माझे बाबा आहेत, त्यांना लकवा झाला आहे. आणि मग जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. एका मुलीने सांगितलं की तिच्या नानीला असंच झालं होतं आणि ती चमच्याने पाणी प्यायची. एका मुलाने सांगितलं की त्याचे मोठे काका बोलतात ते घरात फक्त त्यालाच समजतं, बाकी सगळे त्याला विचारतात. एरवी माझ्या तासाला रबर फेकाफेकी करणारा हा मुलगा. तो अगदी हळू बोलत होता. भनपुरीची पोर चेहऱ्याच्या चित्रासमोर उभी होती.

"ये गुस्सा हैं क्या?"

"पता नहीं," मी म्हटलं. खरंच मला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मुलांनी घरून चित्रं आणली. लुंगी लावून पालथा झोपलेला मामा. तांदूळ निवडताना चष्मा नाकावर घसरलेली आजी. मोबाइलच्या उजेडात उजळलेला आईचा चेहरा, खाली हनुवटीला दुसरी हनुवटी. कितीतरी वर्षांत असं काम माझ्या वर्गात झालं नव्हतं. मी ती चित्रं बाल्कनीत बसून पाहायची आणि बाबा शेजारी असायचे, पण त्यांना मी काही बोलले नाही.

ते आपसूकच बाहेर आलं. एका रविवारी संध्याकाळी मी बाबांना तळ्याकाठी फिरायला नेलं होतं. गर्दी होती, फुगेवाले होते, पोरं सायकली चालवत होती. बाबा काठी टेकत, कठड्याच्या कडेकडेने चालत होते. समोरून माझ्या वर्गातली एक मुलगी आई-वडिलांबरोबर आली, हातात भुट्टा. तिने मला नमस्ते केलं, बाबांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"मॅडम, यही हैं ना वो दादाजी? नमस्ते दादाजी! हम सब आपको जानते हैं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "कैसे?"

"मॅडम ने आपके चित्र दिखाए ना क्लास में. सोते हुए वाला भी."

ती निघून गेली. बाबा तिथेच कठड्याला धरून उभे राहिले. मग बऱ्याच दिवसांनी एवढं लांब वाक्य बोलले.

"माझं वाकडं तोंड काढलं. अन् साऱ्या शाळेले दाखवलं?"

"साऱ्या शाळेला नाही बाबा. एकाच वर्गाला."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"मंग?"

आम्ही परत आलो. रात्रीचं जेवण त्यांनी खाली मान घालून केलं. माझा नवरा दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. मी त्याला खुणेनेच सांगितलं, आत्ता नको.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाबा बाल्कनीत नव्हते. माझ्या खोलीत, पलंगावर बसले होते. म्हणाले, "आण ते."

मी फाइल आणली. एकेक चित्र त्यांच्यापुढे धरत गेले. उजव्या हाताने ते कागद घट्ट धरायचे, डोळ्यांपासून लांब न्यायचे, जवळ आणायचे. मालगाडी सुटण्याआधी कागद तपासावेत तसे. हाताचं चित्र पाहून म्हणाले, "हा माझाच हात हाये." लुंगीच्या चित्रावर म्हणाले, "हे तुझ्या आईनं घेतलेली लुंगी." मी त्या लुंगीच्या चौकड्या नेमक्या काढल्या होत्या, पण ती आईने घेतली होती हे मला माहीत नव्हतं. झोपलेल्या मानेचं चित्र त्यांनी परत माझ्या हातात दिलं. चेहऱ्याचं चित्र हातात आलं तेव्हा मी खिडकीकडे पाहत राहिले.

"तू हे सारं पाहून राहिली होती काय?" ते म्हणाले. "दुपारी? मले वाटे शाळेचं काम करून राहिली."

"हेच शाळेचं काम होतं, असं समजा."

मग चित्र बाजूला ठेवून त्यांनी जे म्हटलं त्याने मी चाटच पडले.

"मले घेऊन चाल शाळेत. झोपलेला माणूस पाहिला त्याइनं. जागा पन पाहू दे."

मुख्याध्यापिकांनी लगेच परवानगी दिली. शनिवारी माझे सलग दोन तास होते. नवऱ्याने सकाळी बाबांची दाढी करून दिली, मिशी कातरली. बाबांनी पेटीतून जुनी पांढरी पँट काढायला लावली. ती कमरेत सैल झाली होती, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. वर्गात मी खिडकीजवळ खुर्ची ठेवली होती. ते काठी टेकत आत आले, मुलं उभी राहिली, आणि बाबांनी उजव्या हाताने त्यांना बसा अशी खूण केली, अगदी अधिकाऱ्यासारखी. खुर्चीत बसून त्यांनी वर पाहिलं.

"पंखा कम करो. कागज उड़ेगा."

शब्द घोगरे, चिकटलेले आले. पुढच्या बाकावरचा एक मुलगा बोलून गेला, "क्या बोले?" त्या "अँ?"पायी त्यांनी घरात बोलणं जवळजवळ सोडलं होतं. पण बाबांनी त्या मुलाकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. मुलाने उठून पंखा कमी केला.

इतका स्थिर बसणारा माणूस मुलांनी पाहिला नव्हता. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात तासन् तास बसण्याची सवय होती त्यांना. मुलं काढत होती आणि मधूनमधून विचारत होती. गार्ड काय करतो? बाबा म्हणाले, "ड्राइवर आगे देखता है. गार्ड पीछे बैठता है, पूरी गाड़ी देखता है." एकाने विचारलं, मागे बसून पुढची गाडी दिसते कशी? बाबांनी उजवा हात हवेत लांब वळवला. "सीधी लाइन पे नहीं दिखती. मोड़ आता है ना, तब इंजन तक पूरी दिखती है. मैं मोड़ की राह देखता था." हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. घरी त्यांनी नोकरीबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

तास संपत आला तसं ते म्हणाले, "दिखाओ." मुलं रांगेने एकेक चित्र घेऊन त्यांच्यासमोर येऊ लागली. बहुतेकांनी तोंड वाकडं काढलं होतं. काहींनी फारच वाकडं. बाबा प्रत्येक चित्र हातात घ्यायचे, मान हलवायचे, परत द्यायचे. शेवटी भनपुरीची मुलगी आली. चित्र मागे लपवत होती.

मी ते पाहिलं आणि मनात सुस्कारा टाकला. इतक्या महिन्यांत तिने माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं. जाड काळी कड. चेहरा अगदी समोरून, तराजूत तोलल्यासारखा सरळ. दोन्ही डोळे सारखे, मिशीची दोन्ही टोकं सारखी वर चढलेली, दोन्ही गालांवर पांढऱ्या खडूची चकाकी. ट्रकच्या फाळक्यावर शोभला असता असा माणूस. मी सुरुवात केली, "मैंने कितनी बार कहा, जो दिखता है..."

बाबांनी हात वर केला. मी थांबले.

"किसको देख के बनाया?"

"आपको."

"ऐसा दिखता हूँ मैं?"

ती घाबरली. वर्गाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने त्यांच्या चेहऱ्याच्या उजव्या, शाबूत बाजूकडे बोट केलं. "ये आधा आपको देख के बनाया. फिर उधर भी यही वाला बना दिया. पापा ऐसे ही करते हैं. कागज मोड़ के आधा काटते हैं, खोलो तो पूरा बन जाता है."

बाबांनी चित्र मांडीवर ठेवून त्याचा अर्धा भाग तळहाताने झाकला. मग दुसरा अर्धा. आणि ते हसले. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं, आणि घशातून मोठा आवाज आला. मुलांना काय करावं कळेना, मग तीही हसायला लागली.

"मतलब ये आधा अभी बराबर है," ते म्हणाले. "मैं ये ले जाऊँ?"

पोरीने जोरजोरात मान हलवली.

घरी आल्यावर त्यांनी मला आरसा सुलटा करायला लावला. भनपुरीच्या मुलीचं चित्र त्याच्या शेजारी भिंतीवर चिकटवायला लावलं. दुसऱ्या दिवशी व्यायामवाली मुलगी आली तेव्हा बाबा आधीच आरशापुढे बसले होते. एकदा चित्राकडे पाहायचे, एकदा आरशाकडे, आणि ओठाचा खाली आलेला कोपरा वर न्यायचा प्रयत्न करायचे. ती म्हणाली, "अरे वा अंकल!" बाबांनी तिला गप्प बसायची खूण केली. त्यांचं काम चाललं होतं.

मी खरं सांगते, मला ते लागलं. इतक्या दुपारी बसून मी त्यांना काढलं होतं, आणि त्यांनी भिंतीवर लावलं ते एका पोरीने तासाभरात काढलेलं, सगळीकडून चुकलेलं चित्र. मी स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हटलं. तो भाजी चिरत होता. म्हणाला, "आठवीच्या पोट्टीवर जळून राहिली काय?" मला हसू आलं, पण राग गेला नाही. शेवटी मी बाबांनाच विचारलं.

"माझं एकही नाही लावलं तुम्ही."

ते गाल फुगवत होते. हवा सोडून म्हणाले, "तुझे चित्र खरे हायेत. पन खरं तर मले माहीतच हाये ना." मग थोडं थांबून, "तुझे फाइलीत राहू दे. मी गेल्यावर तुले लागतीन."

मी उठून बाल्कनीत गेले आणि उगाचच कुंड्यांना पाणी घातलं.

त्यानंतर ते बऱ्याच शनिवारी शाळेत आले. तोंडाचा कोपरा हळूहळू थोडा वर आला, पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं तर व्यायामाने येतंच. असेल. बोलणं मात्र खूप सुधारलं, आणि त्याचं श्रेय मी मुलांना देते, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची आणि बाबांना ती दोनदा सांगायला आवडायला लागलं होतं. मुलं वर्षावर्षाने मोठी होऊन पुढच्या वर्गात गेली, नवी आली, बाबा तेच. एका मुलाने त्यांना हिरवी झेंडी हातात दिलेली काढली, एकीने त्यांच्या डोक्यावर कावळा काढला. कावळ्याबद्दल त्यांनी मला घरी येऊन तीनदा सांगितलं. मी मात्र दुपारी त्यांना काढत राहिले. आता ते मुद्दाम समोर वळून बसायचे, मान ताठ करून, आणि मला सांगावं लागायचं, "बाबा, जरा सैल बसा."

ते गेले ते थंडीत, झोपेत. फाइल खरंच लागली. तेरवी झाल्यावर पाहुणे परतले, घर रिकामं झालं, आणि मी पलंगावर सगळी चित्रं पसरून बसले. हाताचं, लुंगीचं, ताठ मानेची नंतरची. सगळ्यांत मला तो बसलेला, श्वास घेणारा माणूस सापडत होता. भिंतीवरच्या सरळ चेहऱ्यात मला बाबा सापडले नाहीत. तरी ते चित्र मी भिंतीवरून उतरवलं नाही. ते त्यांचं होतं, माझं नव्हतं. मी आजही म्हणेन की ते चित्र चुकलेलं आहे, आणि ती मुलगी आता खैरागडच्या विद्यापीठात चित्रकला शिकते, तीही तेच म्हणते. मागच्या दिवाळीला आमच्या घरी आली होती, भिंतीकडे पाहून तिने कपाळावर हात मारला.

शाळेत परत गेले तरी कितीतरी दिवस मी पेन्सिल हातात घेतली नाही. समोर मडकं ठेवायची आणि मुलांच्या बाकांमधून फिरायची. मग एका शनिवारी फिरून पाय दुखले म्हणून खिडकीपाशी बसले, कुणाचा तरी कोरा कागद ओढला आणि समोर दिसत होतं ते काढायला लागले. वाकलेली डोकी, दप्तरांचे ढीग, जीभ बाहेर काढून रंग भरणारी एक मुलगी. केव्हा मुलं माझ्यामागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. कुणीतरी कुजबुजलं, "अरे, ये तो अपन हैं." मी झाकलं नाही. काढत राहिले. हल्ली बहुतेक शनिवारी मी त्यांच्याबरोबर काढते आणि तास संपल्यावर माझा कागद त्यांच्या कागदांच्या रांगेत लावते. ती मला सोडत नाहीत. हात लहान आला म्हणतात, बाक तिरका आला म्हणतात.

गेल्या आठवड्यात सातवीतला एक मुलगा माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभा होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, मेरा एक कान छूट गया."

मी पाहिलं. खरंच सुटला होता. मी त्याला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि कान काढायला घेतला.